आठ मात्रा, एक सूर आणि दुसरा क्लिफ

बेस, म्हणजे खालचे जाड सूर काढणारं गिटार, वाजवणाऱ्या पोरांच्या घोळक्यात नुसतं 'क्लिफ' म्हणा, समोरून लगेच 'बर्टन!' असं उत्तर येतं. मेटॅलिका या बँडचा क्लिफ बर्टन मोठा माणूस, त्याबद्दल वादच नाही. पण मला ज्या क्लिफबद्दल लिहायचंय त्याचं आडनाव विल्यम्स. १९७७ साली एसी/डीसी या रॉक बँडमध्ये आलेला बेसवाला. त्याचं वाजवणं जगातल्या कोट्यवधी लोकांच्या कानावरून गेलंय आणि त्यातल्या बहुतेकांना त्याचं नाव विचारलं तर सांगता येणार नाही. एसी/डीसी म्हटलं की आधी आठवतो शाळेचा गणवेश घालून स्टेजभर धावणारा गिटारवाला अँगस यंग. मग टोपीवाला गायक ब्रायन जॉन्सन. जरा जाणकार असेल तर आधीचा गायक बॉन स्कॉट, दुसरा गिटारवाला माल्कम यंग, ड्रमर फिल रड. एवढी सगळी मंडळी सांगून झाल्यावर क्लिफ येतो, तोही 'आणि तो लांब केसांचा, मागं उभा असतो बघ, तो' असा.

मी कोल्हापूरचा. दिवसा शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. कास्टिंगला ब्लो होल आहे का, माप बसतंय का, हे बघण्यात दिवस जातो. सुपारी असेल त्या रात्री ऑर्केस्ट्रात बेस धरतो. हळद, गणपती, नवरात्र, कुणा साहेबांचा वाढदिवस, जे येईल ते. त्यामुळं पुढं जे लिहितोय ते समीक्षकाचं समजू नका, रोजंदारीवरच्या वादकाचं समजा. जॅझमधलं मला फारसं कळत नाही. अंगठ्यानं तारा बडवायचा तो स्लॅप प्रकार मला जेमतेम येतो आणि खरं सांगायचं तर आवडतही नाही.

क्लिफबद्दलची तक्रार ठरलेली असते. 'एकच सूर तर वाजवतोय की भावा.' आमचा कीबोर्डवाला तर म्हणतो, 'हे मी डाव्या हाताच्या एका बोटानं वाजवीन, उजव्या हातानं चहा पीत.' त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. एसी/डीसीच्या 'थंडरस्ट्रक' गाण्याचं कडवं घ्या. खाली 'बी' (B) या एकाच सुरावर बेस चाललेला असतो, सारखा, न थकता. टॅब, म्हणजे कुठली तार कुठं दाबायची ते आकड्यांत, लिहून काढला तर ओळीच्या ओळी तोच आकडा. गिटार हातात धरून महिना झालेलं पोरगंसुद्धा तो सूर शोधून काढेल. त्या पोराला मग गाणं संपेपर्यंत वाजवायला सांगा. दुसऱ्या कडव्यापर्यंत त्याचा वेग वाढलेला असतो, तिसऱ्यापर्यंत मनगट आखडलेलं असतं आणि शेवटाकडं कंटाळून त्यानं मधेच एखादी हरकत घुसवलेली असते. ती हरकत घुसवली की गाणं मोडतं. ऐकणाऱ्याला काय बिघडलं ते सांगता येत नाही, पण हलणारे पाय थांबतात.

हे वाजवणं कळायला आपल्याकडच्या माणसाला फार लांब जावं लागत नाही. चार ठोक्यांच्या एका बारमध्ये आठ सारखे आघात, म्हणजे मोजायला सरळ केहरव्याच्या आठ मात्रा. पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर ड्रमरच्या पायानं वाजणारा मोठा ड्रम, म्हणजे किक, तिसऱ्या आणि सातव्यावर हातानं वाजणारा छोटा कडक ड्रम, म्हणजे स्नेअर. फिल रड जन्मभर थोड्याफार फरकानं एवढंच वाजवत आला. आमच्या ऑर्केस्ट्रात ढोलकीवाले मामा आहेत, साठी ओलांडलेले, तरुणपणी तमाशाच्या फडात हात तयार झालेले. एकदा पहाटे जत्रेची सुपारी करून परत येताना गाडीत मी एसी/डीसीचं 'हायवे टू हेल' लावलं होतं. मामांना इंग्रजीचा एक शब्द कळत नाही. डोळे मिटून बसले होते, पण मांडीवर बोटं सुरू झालेली. गाणं संपल्यावर म्हणाले, 'ह्यो खालचा वाजिवणारा हाय न्हवं, घाई करत न्हाई बग.' जरा वेळानं परत, 'आनि थांबतोय कुठं, त्ये ऐक. थांबायची जागा ठरल्याली हाय त्येची.'

मामांनी जे पकडलं तेच माझ्या मते क्लिफचं खरं काम आहे.

बेस शिकवणारा प्रत्येक जण सूर कुठं सुरू करायचा ते सांगतो. कुठं बंद करायचा ते सांगणारे थोडे. बेसची जाड तार एकदा छेडली की बराच वेळ गुणगुणत राहते. तिला गप्प करणं हे वाजवणाऱ्याचं काम. डाव्या हाताचं बोट फ्रेटवरून, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या धातूच्या पट्टीवरून, जरासं सैल करायचं, तारेवरून मात्र उचलायचं नाही. उचललं तर मोकळी तार बोंबलते. नाहीतर उजव्या हाताच्या तळव्याची कड ब्रिजजवळ, म्हणजे तारा खाली अडकवलेल्या असतात तिथं, तारांवर टेकवायची. क्लिफ पिकनं, म्हणजे तार छेडायच्या छोट्या पातीनं, वाजवतो आणि तळवा टेकवतो. म्हणून त्याचा सूर 'डूंऽऽऽ' असा लोळत नाही. 'डुम्' असा येतो, काम करतो आणि जागा खाली करून देतो. त्या खाली झालेल्या जागेत स्नेअरचा फटका पडतो. आमच्या कामात शाफ्ट आणि बेअरिंगमध्ये केसाइतका क्लिअरन्स सोडावा लागतो. दोन्ही पार्ट कितीही चांगले असू द्यात, क्लिअरन्स नसेल तर मशिन जाम. एसी/डीसीची गाणी एवढी मोठ्या आवाजाची असूनही त्यातलं प्रत्येक वाद्य वेगळं ऐकू येतं, ते या क्लिअरन्समुळं. दोन गिटारं, ड्रम, वर किंचाळणारा गायक, आणि एवढ्या गर्दीत कुणाचा कुणाला धक्का नाही.

आता न वाजवण्याबद्दल. हे प्रकरण मला सगळ्यात प्रिय आहे, त्यामुळं जरा रेंगाळतो.

'हायवे टू हेल' १९७९ चं. सुरुवातीला गिटारचा रिफ, म्हणजे परत परत येणारी छोटी चाल, एकटाच येतो, तोही भोकाभोकांचा. दोन-तीन कॉर्ड (एकदम छेडलेले सूर), गप्प, परत दोन-तीन कॉर्ड, गप्प. मग ड्रम येतात. मग बॉन स्कॉट गायला लागतो. पहिलं कडवं चाललंय आणि बेस नाही. ध्यान देऊन ऐकलं नाही तर हे लक्षातही येत नाही, कारण गिटारच इतकं ठसठशीत आहे. फक्त गाणं जरा टाचा उचलून चालल्यासारखं वाटतं. आणि कोरसच्या, म्हणजे सगळे मिळून गातात त्या धृपदाच्या, उंबरठ्यावर बेस आत येतो. तेच आठ आघात, ज्या कॉर्डवर गिटार आहे तोच मूळ सूर, एकही अलंकार नाही. पण गाणं एकदम रुंद होतं. आवाज कुणी वाढवलेला नसतो, गिटारवाल्यानं वेगळं काही काढलेलं नसतं, तरी सगळ्यांना एकदम ओरडावंसं वाटतं. लोक समजतात की कोरसची चाल चांगली आहे म्हणून. चाल चांगली आहेच. पण कोरसला ती ताकद येते कारण कडवंभर एक माणूस वाद्य गळ्यात अडकवून हात राखून उभा होता.

हे आपल्याकडं करून बघा. एकदा एका हळदीच्या कार्यक्रमात मी एका गाण्याचं पहिलं कडवं मुद्दाम सोडून दिलं, कोरसला येऊ म्हणून. दुसऱ्या ओळीला साउंडवाला वाकत वाकत स्टेजवर आला आणि माझ्या बेसचा जॅक हलवून बघायला लागला. तोवर निवेदकानं मागं वळून दोनदा भुवया उडवल्या. कार्यक्रम झाल्यावर मालक म्हणाले, 'पैसे घेतलायंसा न्हवं पुरतं? मग पुरतं वाजवा की.' त्यांचंही चूक म्हणता येत नाही. सुपारी देणाऱ्याला स्टेजवर नऊ माणसं दिसत असतील तर नऊ माणसांचा आवाज ऐकू यायला हवा असतो.

क्लिफचा जन्म १४ डिसेंबर १९४९ चा, लंडनच्या पूर्वेकडच्या रॉमफर्डमधला. लहानपणीच घर लिव्हरपूलजवळच्या हॉयलेकला गेलं. म्हणजे बीटल्स आणि त्यांच्यासारखे शेकडो बँड जिथं उगवत होते त्याच्या बाजूला हा वाढला. सोळाव्या वर्षी शाळा सोडली आणि दिवसा कारखाना, रात्री बँड असं चालू झालं. (इथं मला त्याच्याबद्दल नको इतकी आपुलकी वाटते, कारण उघड आहे.) पुढं 'होम' नावाच्या बँडमध्ये आला. १९७१ च्या नोव्हेंबरमध्ये वेम्बलीच्या एम्पायर पूलमध्ये लेड झेपेलिनच्या कार्यक्रमात हा बँड आधी वाजवायला होता. 'होम'चे तीन अल्बम निघाले. १९७३ चा तिसरा, 'द अल्केमिस्ट', अख्खी एक गोष्ट सांगणारा आहे. गाण्यातून गाणं निघतं, लय बदलते, मधेच वळणं. त्या काळात इंग्लंडमध्ये असल्या रॉकची लाटच होती. 'एकच सूर तर वाजवतो' म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हा अल्बम ऐकायला लावतो. गुंतागुंतीचं वाजवून झालेला माणूस पुढं चाळीस वर्षं साधं वाजवतो, तेव्हा ते त्याला दुसरं येत नाही म्हणून नसतं.

'होम' मोडला, मग 'बँडिट' नावाचा बँड झाला, तोही टिकला नाही. १९७७ मध्ये एसी/डीसीनं मार्क इव्हान्सला काढलं आणि बेसवाल्याची शोधाशोध सुरू झाली. लंडनमध्ये ऑडिशन झाली आणि सत्तावीस वर्षांचा क्लिफ आत आला. बँड ऑस्ट्रेलियाचा, मालकी यंग बंधूंची. अँगस पुढं, पण सूत्रं थोरल्या माल्कमच्या हातात. त्याहून थोरला भाऊ जॉर्ज, तो हॅरी वांडाबरोबर रेकॉर्डिंग बघायचा. अशा घरच्या कारभारात बाहेरचा माणूस टिकणं अवघड असतं. ऑर्केस्ट्रात ज्यानं मालकाच्या भाच्याबरोबर वाजवलंय त्याला मी काय म्हणतोय ते कळेल.

त्याचा पहिला अल्बम 'पॉवरेज', १९७८ चा, सिडनीत रेकॉर्ड झालेला. खपाच्या दृष्टीनं एसी/डीसीच्या मोठ्या अल्बमांत तो येत नाही, पण वादक मंडळींत याचे भक्त खूप. मीही त्यातलाच. यात 'सिन सिटी' नावाचं गाणं आहे, जुगाराच्या शहराबद्दल. त्याच्या शब्दांत आपली सापशिडीसुद्धा आहे. मध्यावर गिटारं एकदम बाजूला होतात आणि खाली बेस आणि ड्रम एवढेच उरतात. वर बॉन स्कॉट पत्ते पिसणाऱ्या माणसाच्या आवाजात काहीबाही पुटपुटत असतो. दुसरा कुठलाही बेसवाला ही जागा मिळाली की तुटून पडला असता. एवढं मोकळं मैदान, सगळ्यांचे कान तुमच्याकडं, आणि ड्रमर फक्त ठेका धरून. क्लिफ तिथं तेवढंच वाजवतो जेवढ्यावर बॉनला बोलता येईल. छोटी आकृती, परत तीच, परत तीच. ती फिरत राहते म्हणूनच खोलीत काहीतरी घडणार आहे असं वाटत राहतं, आणि गिटारं परत येतात तेव्हा दार धाडकन उघडल्यासारखी येतात.

याच अल्बमवरचं 'गॉन शूटिन' हे मधल्या लयीतलं गाणं. क्लिफ काय चीज आहे ते समजायला मी हेच पहिलं सुचवतो. यात जोर नाही, आदळआपट नाही. मान आपोआप हलायला लागते आणि गाणं संपल्यावरही थोडा वेळ हलत राहते. ग्रूव्ह म्हणजे काय, असं मला शिकायला येणारी पोरं विचारतात. मी व्याख्या सांगत बसत नाही, हे गाणं लावतो आणि त्यांच्या पायाकडं बघतो. ज्याचा पाय हलत नाही त्याला मी प्रेमानं कीबोर्डच्या क्लासला पाठवतो.

'बॅक इन ब्लॅक'बद्दल एवढं लिहिलं गेलंय की मी थोडक्यात आवरतो. फेब्रुवारी १९८० मध्ये बॉन स्कॉट गेला, दोन-तीन महिन्यांत नवा गायक घेऊन बँड बहामा बेटांवर नासाऊला गेला, आणि जुलैमध्ये अल्बम बाजारात. जगात सगळ्यात जास्त खपलेल्या अल्बमांत त्याची गणना होते. शीर्षकगीताचा रिफ आठवा. तीन भारी कॉर्ड, मधे श्वास, मग गिटारची एक छोटी लकेर. त्या तीन कॉर्डखाली बेस आहे, त्यांचं वजन त्याचं आहे. श्वासात बेस नाही. तिथं तार खरोखर गप्प आहे, जराही गुणगुण नाही. मी हे गाणं बेसवर बसवलं तेव्हा सूर दहा मिनिटांत आले. गप्प राहायला किती दिवस लागले ते मोजले नाहीत. आणि अल्बमवर गाणी कुणी केली याची नावं बघा: यंग, यंग, जॉन्सन. दहाच्या दहा गाण्यांवर तीच तीन. क्लिफचं नाव नाही, फिल रडचंही नाही. या धंद्यात गाणी करणाऱ्याला वेगळे पैसे मिळतात, वाजवणाऱ्याला वेगळे. यावरून क्लिफनं जाहीर कुरकुर केल्याचं माझ्या वाचनात नाही. त्याच्या जागी मी असतो तर दर बैठकीला विषय काढला असता.

त्याचं स्टेजवरचं वागणं हा वेगळाच नमुना. अर्जेंटिनात ब्युनोस आयर्सला रिव्हर प्लेट स्टेडियममध्ये २००९ च्या डिसेंबरात झालेल्या कार्यक्रमांचा व्हिडिओ आहे. तो बघताना एकदा ठरवून अँगसकडं बघू नका. मागं बघा. ड्रमसेटच्या एका बाजूला माल्कम, दुसऱ्या बाजूला क्लिफ, दोघांच्या मागं अॅम्पची भिंत. कडवं चालू असताना दोघं तिथंच, पाय जमिनीत रोवल्यासारखे. कोरस जवळ आला की दोघं एकाच वेळी चालत पुढं येतात, आपापल्या माइकला तोंड लावतात, कोरस गातात, आणि शेवटचा शब्द संपला की पाठ न वळवता मागं मागं जात आपल्या जागी. दुसरा कोरस आला की परत पुढं. जवळपास दोन तास हेच. पुढं हजारो माणसं पेटलेली, अँगस जमिनीवर लोळतोय, आणि हे दोघं कामावर आल्यासारखे पुढं-मागं. हे चालणंसुद्धा लयीत असतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसू आलं, नंतर मी कार्यक्रमभर तेच बघत बसलो.

आणखी एक गोष्ट जिच्याकडं फारसं कुणी बघत नाही. फिल रड १९८३ मध्ये बाहेर पडला. मग सायमन राइट आला, मग क्रिस स्लेड, मग १९९४ मध्ये परत फिल रड, मधे पुन्हा स्लेड, २०२३ मध्ये मॅट लॉग. प्रत्येक ड्रमरचा हात वेगळा. कुणाचा स्नेअर किंचित मागं पडतो, कुणाचा बरोब्बर टोकावर. क्रिस स्लेडचा 'थंडरस्ट्रक'मधला हात फिल रडपेक्षा जड आणि सरळ आहे. बेसवाल्याला दरवेळी नव्या माणसाशी जमवून घ्यावं लागतं, आणि ते असं की ऐकणाऱ्याला बँड तोच वाटला पाहिजे. मी आयुष्यात दोन ऑक्टोपॅडवाले बदलताना बघितले तर महिनाभर माझी झोप उडाली होती.

बरं, सगळंच थोर आहे असं मी म्हणणार नाही. १९८५ चा 'फ्लाय ऑन द वॉल' मला ऐकवत नाही. त्याचा आवाज इतका गढूळ की बेस कुठं संपतो आणि गिटार कुठं सुरू होतं ते कळत नाही. नव्वदीनंतरच्या अल्बमांत काही गाणी नुसती जागा भरायला आहेत आणि तिथं क्लिफचं सरळ वाजवणं गाण्याला वाचवू शकत नाही. बेसवादक जेम्स जेमरसनसारखा माणूस कच्च्या गाण्यालाही बेसच्या जोरावर उभं करायचा, क्लिफचा तो पिंडच नाही. गाणं जेवढं चांगलं तेवढाच तो चांगला. माझ्या लेखी हा दोष आहे आणि त्यासकट तो मला आवडतो.

वाद्याबद्दल विचारणारे बरेच असतात, म्हणून सांगतो. तो मुख्यतः म्युझिक मॅन कंपनीचा स्टिंगरे वाजवतो. हा बेस १९७६ साली बाजारात आला, प्रसिद्ध गिटार घडवणारा लिओ फेंडर त्या कंपनीत होता. एकच मोठा पिकअप (तारेचं कंपन पकडणारा चुंबक), आत बॅटरीवर चालणारा छोटा प्रीअॅम्प, आवाज टणक आणि स्वच्छ. आपल्याकडं अस्सल स्टिंगरेची किंमत ऐकून मी दुकानातल्या पोराला पाणी मागितलं होतं. त्याच घडणीचे स्वस्तातले बेस मिळतात, माझा तसलाच आहे. त्यानं काही अडत नाही. तळवा नीट टेकवता आला की दहा हजारांचा बेसही शिस्तीत बोलतो.

आमच्याकडं आता बेसवालाच उरला नाही, ही खरी अडचण आहे. बऱ्याच ऑर्केस्ट्रात बेस कीबोर्डवाल्याच्या डाव्या हातात गेला, नाहीतर ट्रॅकमध्ये. एक माणूस कमी, एक जेवण कमी, गाडीत एक सीट मोकळी. हिशोब मला कळतो. ट्रॅकमधला बेस चुकत नाही हेही मान्य. पण मामांनी रंगात येऊन लय जराशी मागं खेचली, समोर बायका फेर धरून नाचताहेत आणि त्यांना तीच लय हवीय, तर ट्रॅक मामांसाठी थांबत नाही. मी थांबतो. कीबोर्डवाल्याचा डावा हात थांबेल, पण त्याचं लक्ष उजव्या हाताच्या करामतीत. ज्याला दुसरं काही काम नाही, ज्याला दाखवण्यासारखं काही वाजवायचंच नाही, असा एक माणूस लयीकडं बघायला लागतो. गेल्या गणपतीत एका मंडळासमोर आमची लावणी तशी लागली होती. मी दोन सूर धरून बसलो होतो, पहिला आणि पाचवा, म्हणजे सा आणि प, तळव्याखाली दाबून, आणि मामांची ढोलकी त्यावर मोकळी सुटली. टाळ्या मामांना पडल्या, पडायलाच हव्यात. खाली उतरल्यावर मामांनी मला अर्धा पेरू दिला. त्यांच्याकडून एवढी दाद म्हणजे डोक्यावरून पाणी.

२०१६ साली क्लिफनं निवृत्ती सांगितली. दौरा अर्ध्यात असताना ब्रायन जॉन्सनच्या कानांनी दगा दिला, त्याच्या जागी 'गन्स एन रोझेस' बँडचा गायक अॅक्सल रोझ गायला, माल्कम तर २०१४ मध्येच स्मृतिभ्रंशामुळं बाजूला झाला होता. सप्टेंबरात फिलाडेल्फियाला शेवटचा कार्यक्रम करून क्लिफ घरी गेला. नोव्हेंबर २०१७ मध्ये माल्कम गेला. इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती, पण २०१८ मध्ये सगळे व्हँकुव्हरच्या स्टुडिओत परत जमले, ब्रायन, फिल, क्लिफ, आणि माल्कमच्या जागी पुतण्या स्टीव्ही. त्यातून २०२० च्या नोव्हेंबरात 'पॉवर अप' आला. गाण्यांवर नावं अँगस आणि माल्कम यांची, कारण माल्कमनं मागं ठेवलेल्या रिफांवरच ती बांधलेली. सत्तरीच्या उंबरठ्यावरच्या क्लिफचा बेस त्यात चाळीस वर्षांपूर्वीसारखाच आहे, तिथंच येतो, तिथंच थांबतो. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियात इंडिओच्या पॉवर ट्रिप महोत्सवात तो बँडबरोबर उभा राहिला. २०२४ च्या दौऱ्यापासून त्याच्या जागी क्रिस चेनी आहे. चेनी अतिशय कसलेला माणूस, कुणाकुणाबरोबर वाजवलंय त्यानं. त्याचे व्हिडिओ मी बघतो तेव्हा माझं लक्ष त्याच्या उजव्या तळव्याकडं असतं. टेकवतो. कोरसला पुढं येऊन गातो आणि मागं जातो, तेही त्यानं उचललंय.

ऐकणार असाल तर एक विनंती. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. बेसच्या सगळ्यात जाड मोकळ्या तारेचा सूर सेकंदाला साधारण ४१ कंपनांचा, आणि मोबाइलच्या नखाएवढ्या स्पीकरला तो झेपत नाही. तुम्हाला वरवरची खरखर ऐकू येईल आणि परत म्हणाल, कुठाय तुमचा क्लिफ. हेडफोन घ्या, नाहीतर ज्याच्या गाडीत बरे स्पीकर असतील असा मित्र गाठा. आधी 'गॉन शूटिन', मग 'सिन सिटी', मग 'हायवे टू हेल', आणि त्यात बेस कधी आत येतो ते बोटानं दाखवा. 'थंडरस्ट्रक' शेवटी ठेवा. ते काय, आता लग्नाच्या वरातीतही वाजतं, ऐकायचं टाळलं तरी कानावर पडणारच आहे.